माळ्याखालची नोकरी

तेव्हाची मी आठवली की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. बंगळूरची नोकरी जंगलातल्या कुंभारवाडा गावात बसून करते, याचा केवढा तोरा बाईला! रेंज मिळायची फक्त शेताच्या कोपऱ्यात, राखणीच्या माळ्याखाली. वर सासूबाई गोफण घेऊन माकडांपासून भात राखायच्या, खाली मी लॅपटॉप घेऊन. नात झाली होती मला, तरी लेकाच्या वयाच्या साहेबाचा फोन आला की उभी राहून बोलायची.

काम होतं क्लाउडवरच्या नोंदी सांभाळायचं. कंपनीचा प्रत्येक प्रोग्राम काय करतो, त्याच्या या नोंदी. त्यासाठी तयार कोडची एक लायब्ररी होती. चार ओळींचा कोड लिहिला की कुठली नोंद ठेवायची, कुठली टाकायची, ते ठरायचं. मी प्रत्येक प्रोग्रामला अधूनमधून ‘चालू आहे’ अशी नोंद करायला लावलं होतं. आमच्याकडचा राखणदार माकडं नसली तरी हाक देत राहतो. हाक थांबली की त्याचं काही बरंवाईट झालं समजून शेजारचे काठ्या घेऊन धावतात.

साहेब भडकला. “हा कचरा काढा. फक्त चुका दिसू देत. जमत नसेल तर जंगल सोडून ऑफिसात या.”

“काय म्हनलीस त्याला?” सासूबाईंनी वरून विचारलं.

“यस सर.”

“आन् घरात माझ्यावर बरी वरडतीस!”

सासूबाईंना एकटं सोडून कुठं जाणार? लावला फिल्टर, चुका सोडून बाकी नोंदी टाकणारा. नोंदींचं पान कसं लख्ख झालं! मग एक प्रोग्राम आपली चूक नोंदवायलाही न थांबता मेला. पान तसंच लख्ख. दिवसभर गिऱ्हाईकं खोळंबली, तेव्हा कुठं कळलं.

“तुम्हाला अक्कल नको?” साहेब ओरडला.

“सॉरी सर,” म्हणाली की ही बया!

“पुन्यांदा सॉरी म्हन, गोफणीचा धोंडा तुझ्याच टाळक्यात घालते,” वरून आवाज आला.

मी तिथल्या तिथं फिल्टर काढला. नोंदी पुन्हा सुरू झाल्या.

“कोणाला विचारून काढला? सोमवारी ऑफिसात हजर व्हा!”

या वेळी मी बसूनच बोलले. “येणार नाही. तुमचा फिल्टर तुम्हीच लावा. प्रोग्राम मेला की शिव्याही स्वतःलाच द्या.”

“गेली न्हवं नोकरी?” सासूबाई म्हणाल्या.

“व्हय.”

“मग ये वर. घसा बसलाय माझा.”

चढले. माकड एकही नव्हतं. हाक मी त्या साहेबाच्याच नावानं घातली.