सुतळीमिस्त्री आणि मेडशीची मोटार

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या सुतळीमिस्त्रींनी आयुष्यात कधी मोजपट्टी वापरली नाही. पोती शिवायच्या सुतळीचा एक लांब तुकडा त्यांच्या गळ्यात असे. काही मोजायचं झालं की सुतळीचं एक टोक अंगठ्याखाली दाबायचं, दुसरीकडे गाठ मारायची आणि त्या गाठीवरून लोखंड कापायचं. प्रत्येक गाडीची सुतळी वेगळी. काम संपेपर्यंत ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली राही. "पट्टीवरचा आकडा मानूस इसरते," ते म्हणत, "गाठ कायले इसरन?"

वाशिम रोडवर त्यांचं गॅरेज होतं आणि शेजारच्या खोलीत आमच्या दैनिकाचं तालुका कार्यालय. बातम्या पाठवून झाल्या की मी त्यांच्या बाकावर बसत असे. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मिस्त्रींना जमत नसे. एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी माझ्यासमोर सुनावलं, "सोता दिवसातून चार खेप चाय पेतं, अन् गाडीले साल झालं तेल दाखवलं नाई. लाज वाटते काय लेका?" त्याच माणसाची गाडी त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून आधी करून दिली.

त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे मेडशीची मोटार. लांब बोनेटची, दोन दारांची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली अमेरिकन गाडी. अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेटजींची ती होती. मेडशीचे डायवरबुवा तीस वर्षं तिच्यावर होते. जिनिंग बंद पडून शेटजींचं कुटुंब परगावी गेलं तेव्हा गाडी बुवांना देऊन गेलं. पुढे ती त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली आणि आठ सिलिंडरच्या इंजिनाचा ठोकळा तडकला. बुवांच्या भाजीपाला पिकवणाऱ्या मुलाने ती ट्रॅक्टरला बांधून मालेगावला आणली, तेव्हा बुवा ऐंशीच्या घरात होते. त्यांना धाप लागे. उजवा खांदा वर जात नसे. त्यांची मागणी एकच होती. ही गाडी मालेगावहून मेडशीला स्वतः चालवत न्यायची. मागे बसून नाही.

मिस्त्रींनी जुनं इंजिन तपासून सांगितलं की ते उठणार नाही. अपघातात सापडलेल्या एका नव्या गाडीचं डिझेल इंजिन बसवावं लागेल.

"माह्या गाडीत टॅक्टर घालतं काय?" बुवा उसळले. "तिचा आवाज कसा होता, तुले मालूम तरी हाय काय?"

"बुवा, तुमाले तसंबी कमी ऐकू येते," मिस्त्री म्हणाले. "आवाजाची फिकीर तुमी कायले करता?"

बुवा रागाने निघून गेले. तिसऱ्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत आले आणि बाकावर बसले. होकार असा मिळाला. परवानगीच्या कागदांसाठी मुलगा वाशिमला खेटे घालू लागला.

नव्या इंजिनाच्या मापाचा एक लाकडी सांगाडा मिस्त्रींनी आधी खोक्यांच्या फळ्या ठोकून केला. तो बोनेटखाली उतरवून, कुठे काय घासतं ते पाहिलं आणि गाठी मारल्या. पावसाचे दिवस होते. छत गळत होतं, सुतळी भिजलेली होती. उघाड पडल्यावर ती वाळून लांबली. मिस्त्रींनी त्याच गाठींवरून इंजिन टेकवायच्या लोखंडी पट्ट्या कापल्या, वेल्डिंग केलं, आणि इंजिन बोटभर पुढे बसलं. पंखा रेडिएटरला लागला. सगळं तोडून पुन्हा करण्यात तीन आठवडे गेले. त्याच दिवसांत दम वाढल्याने बुवांना वाशिमला दवाखान्यात ठेवलं होतं. मिस्त्री तिथे जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी खिळ्यावरची सुतळी उतरवली. मग म्हणाले, "सुतळीची चूक नाई. माही हाय. बुढ्यापाशी दिवस किती हायेत, अन् मी वाया घालवून राह्यलो." त्यानंतर मोजण्याआधी ते सुतळी उन्हात वाळवू लागले. मोजपट्टी मात्र आणली नाही.

बुवा दवाखान्यातून आले ते आणखी वाळून. मिस्त्रींनी त्यांना गाडीत एसी घालायचं सुचवलं. "मी काय शेटजी हावो काय?" बुवा म्हणाले. मिस्त्रींनी एसी जुन्या रेडिओच्या जाळीमागे बसवला, आणि हवा खेळती राहते एवढंच सांगितलं. मान वळत नाही म्हणून मागचं दाखवणारा कॅमेरा लावला, त्याचा पडदा आरशात बसवला. तो बुवांनी चालवून घेतला. पण पॉवर स्टिअरिंगचं नाव निघताच ते उठून उभे राहिले.

"ते बसवशीन तं मी गाडीले हात लावनार नाई. चाक फिरवाले हात लागते. हात माह्ये हायेत."

"बरं जी," मिस्त्री म्हणाले.

आणि त्यांनी ते बसवलं. स्टिअरिंगला जोर देणारी छोटी विजेची मोटर डॅशबोर्डखाली दडवली, तिच्यावर पत्रा ठोकला, पत्र्याला आतल्या जुन्या रंगासारखा रंग दिला. मी बाकावरून पाहत होतो. मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "हे छापू नोका. बुढ्याले कयलं तं पायी मेडशीले जाईन."

गाडी निघाली ती सकाळी नऊच्या सुमारास. बुवा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. उजवीकडे मिस्त्री, मागे मुलगा आणि मी. गॅरेजमधून रस्त्यावर यायला लगेच मोठं वळण आहे. बुवांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं, जोर लावला आणि गाडी सहज वळली. त्यांनी एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग थेट मेडशीपर्यंत समोरच पाहत राहिले. मिस्त्रींचा डोळा रस्त्यावर नव्हता, बुवांच्या खांद्यावर होता.

मेडशीला लोक जमले होते. बुवा उतरले आणि दंड पुढे करून म्हणाले, "पाहा रे, अजून ताकद हाय!"

"हाय ना जी," मिस्त्री म्हणाले. "मी तं आधीच म्हनत होतो." इतका प्रसन्न चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

पुढचे चार-पाच महिने बुवा आठवड्यातून एकदा मुलाची वांगी-मेथी डिकीत घालून मालेगावच्या बाजाराला आले. हिवाळ्यात झोपेतच गेले. मिस्त्री गेले त्याला आता वर्ष होत आलं. गॅरेजच्या जागी टायरचं दुकान आहे.

या दोघांमधली एक गोष्ट नोंदवायची राहते. बुवा गेल्यावर मी मेडशीला भेटायला गेलो होतो. मुलगा मला शेडमध्ये घेऊन गेला. गाडीवर चादर होती.

"बाबाले पहिल्याच वळनावर समजलं होतं," तो म्हणाला. "तीस वर्सं ते चाक फिरवलं त्यानं. घरी आल्यावर मले म्हने, मिस्त्रीनं मोटर बसवली. पन त्याले सांगजो नोको. लय मन लावून लपवली हाय त्यानं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एका जीपखाली पडून काम करत होते. माझे पाय दिसताच त्यांनी आतूनच विचारलं, "जाऊन आले काय मेडशीले?"

"आलो."

पान्याचा आवाज थांबला. "बुढ्याले अखेरपर्यंत समजलं नसन ना?"

खरं सांगणं हा माझा धंदा होता. मी म्हणालो, "नाही."

"मंग बरं झालं," मिस्त्री म्हणाले, आणि पाना पुन्हा फिरू लागला.