कीड काढणारी

महाराष्ट्र नुकताच झाला होता. जळगाव जामोदच्या बाजारात दातातली कीड काढणारी एक बाई बसायची. मला पाचवा महिना होता आणि दाढ ठणकत होती, म्हणून सासूबाईंनी मला तिच्यापुढे बसवलं. तिने अंगठ्याने माझा ओठ उचलला, आत पाहिलं आणि कीड ओढायची नळी परत पिशवीत ठेवली.

"कीड नाही बाई. पोटातलं लेकरू खाऊन राह्यलं तुले. दूध भेटते का?"

"दूध गडीमाणसायले लागते," सासूबाईच म्हणाल्या. चाळिशीतच त्यांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. सासरे मात्र अजून दातांनी ऊस सोलायचे.

आम्ही घरी आलो. मी दुधाच्या भांड्याला हात लावला, तर मागे सासूबाई उभ्या. मी हात मागे घेतला.

त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि दुधाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.