ताकदीची गोळी

पनवेलच्या बाजारात माझी एक ठरलेली कोळीण आहे, उरणजवळच्या बेटावरची. "बांगडा खा ताई, अंगात ताकद येल," हा सल्ला ती मला दर रविवारी फुकट देते. स्वतः मात्र पाटीमागे बसून कपातले नूडल्स खाते. "आमच्याकडं आता मासली कोन खातंय? पोरांना काटं नकोत."

परवा नूडल्स संपवून तिनं कमरेच्या पिशवीतून एक पिवळी गोळी काढली. अशक्तपणावर डॉक्टरांनी दिलेली, परदेशी माशाच्या तेलाची. जग जवळ आलं म्हणतात ते हेच असावं. समोर पाटीभर बांगडे पडले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं.

"ताकदीची हाय," ती म्हणाली, "पन मेलीला मासलीचा वास येतो."