पाहुणे आणि पेटी

रिटायर झाल्यावर मी पेटी शिकायला घेतली आणि रोज सकाळी तासभर रियाज करायचं ठरवलं. पण उज्जैनमधल्या मराठी माणसाचं घर म्हणजे फुकटची धर्मशाळा. महाकालच्या दर्शनाला पुण्या-नागपूरहून कुणी ना कुणी टपकणार. त्यांना पहाटे मंदिरात न्या, परतताना देवास गेटला पोहे-जिलेबी खाऊ घाला, मग भैरवगढला छापील चादरी घ्यायला घेऊन जा. या धबडग्यात पेटी कपाटावर गेली ती गेलीच. कुणी विचारलं की मी सुस्कारा सोडायची, "काय करणार, पाहुणे!"

यंदा मात्र आक्रीतच घडलं. पाहुणेच आले नाहीत. घर रिकामं, सकाळ मोकळी, आणि पेटी कपाटावरून माझ्याकडे बघतेय. मला राहवेना. मीच नागपूरच्या आतेबहिणीला फोन लावला, "अगं, दर्शनाला कधी येताय?"

ती म्हणाली, "आपल्या मनावर का असतं ते? महाकालचं बोलावणं आलं की येऊ."

म्हणजे खुद्द देवानेच माझी पळवाट बुजवली होती. चरफडत पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि सा लावला. पेटी कण्हली, बोटं लाकडासारखी झाली होती. तरी हट्टाने रोज बसू लागले.

आठवड्याभरात शेजारीणबाई भिंतीवरून डोकावल्या. "दीदी, आपके मेहमान कब आ रहे हैं?"

"महाकाल बुलाएँगे तब," मी म्हटलं आणि भाता जोरात मारला.