टेपबाईंनी नापास केलेली गोधडी

माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर एका घरात राहायचं म्हणजे रोज परीक्षेला बसायचं. बावीस वर्षं त्यांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. शर्टाची कॉलर जराशी वाकडी दिसली की लाल खडूने फुली मारायची आणि शर्ट परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, भाषण केलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. मोजायची टेप मात्र त्या गळ्यात घालूनच घरी आल्या. तेव्हापासून आमच्या घरात टॉवेल एका रेषेत वाळतात, पातेल्यांची झाकणं मापाप्रमाणे रचली जातात, आणि माझे थोरले दीर, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्र वाचून झालं की मूळ घडीवर घडी घालून ठेवतात. त्यांना मी कधी वाद घालताना पाहिलेलं नाही.

आमची लुथरन मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे, साठ-सत्तर घरांचं. युद्धामुळे गाव सोडून पळालेल्या, नाहीतर पुरात आणि भूकंपात सगळं गमावलेल्या लोकांसाठी आमच्या बायका वर्षभर गोधड्या शिवतात. वर्षातून एकदा मदतसंस्थेचा ट्रक येतो, गोधड्या बंदरावर जातात आणि तिथून जहाजाने कुठल्या कुठल्या छावण्यांत. जाऊबाई निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं. पाळकसाहेब भला माणूस. आपण काय करून बसलो हे त्यांना महिनाभराने कळलं.

प्रार्थनाघराच्या मागे एक लांबट खोली आहे. तिथे दोन लांब टेबलं, तीन शिवणयंत्रं, कापडाचे ढीग आणि कोपऱ्यात गासड्या दाबायचं हाताने फिरवायचं यंत्र. भिंतीवर संस्थेचा नियमांचा कागद. गोधडी अमुक लांब, तमुक रुंद. तीन थर: वर तुकड्यांचं कापड, खाली सलग कापड, मध्ये जुनं ब्लँकेट किंवा कुठलंही उबदार कापड. वीतभर अंतरावर दोऱ्याची पक्की गाठ, म्हणजे थर सरकत नाहीत. झेंडे नकोत, धर्माची चिन्हं नकोत, चिठ्ठ्या नकोत, लष्करी चट्ट्यापट्ट्यांचं कापड नको. हा कागद जाऊबाईंच्या आधीही भिंतीवर होताच, पण तो कुणी वाचत नसे.

आता प्रत्येक गोधडी टेबलावर पसरली जायची, चारी बाजूंनी मोजली जायची, आणि दोन बोटं कमी भरली तरी लाल फुली. बायकांच्या नाकी नऊ आले. एकीने गोधडीच्या कडेला इतक्या प्रेमाने क्रूस भरला होता, तो उसवायला लावला. दुसरीने आत चिठ्ठी शिवली होती, "भिऊ नकोस, आम्ही आहोत" अशी. जाऊबाईंनी ती बोटांनी चाचपून काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही कुठे आहात? तुम्ही इथे आहात." ती बाई पुढे दोन महिने फिरकली नाही. मंडळीत सगळे त्यांना टेपबाई म्हणू लागले, आणि त्यांची धाकटी जाऊ म्हणून सगळ्या तक्रारी माझ्या पदरात. जणू मीच त्यांना सून करून या घरात आणलं होतं!

माणसं तरी काय काय आणून देतात म्हणता! पूरग्रस्तांसाठी एका घरातून उंच टाचांची चप्पल आली, तीही एकाच पायाची. एका गृहस्थांनी हरणाचं मुंडकं पाठवलं, भिंतीवर लावायचं. ज्यांची भिंतच राहिली नाही त्यांना! जाऊबाईंनी ते मुंडकं स्वतः उचलून त्या गृहस्थांच्या दारात नेऊन ठेवलं आणि घंटा वाजवून परत आल्या. त्या दिवशी मात्र मला त्या मनापासून आवडल्या होत्या. पण असे दिवस थोडे.

यंदा ट्रक यायच्या तीन आठवडे आधी जाऊबाईंची दाढ काढली. गाल सुजून टम्म झाला आणि दोन दिवस तपासणीचं काम माझ्याकडे आलं. त्याच दोन दिवसांत शिवणकाकूंची गोधडी आणायला मी त्यांच्या घरी गेले.

शिवणकाकू सत्तरीच्या. आमच्या अख्ख्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवले, म्हणून हे नाव. एकुलता एक मुलगा सैन्यात होता. दोन वर्षांपूर्वी पुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला त्याच्या तुकडीला पाठवलं होतं. एका म्हाताऱ्याला नावेत चढवलं आणि हा पाण्यात गेला. काकू त्याच्याबद्दल बोलत नसत. रडतही नसत. विचारलं तर म्हणायच्या, "बरं चाललंय," आणि मशीन सुरू करायच्या.

मी गेले तेव्हा गोधडी शेवटच्या बाजूने उघडीच होती. मध्ये जुन्या ब्लँकेटच्या तुकड्यांवर मुलाचा चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी गणवेश सपाट पसरलेला, सदरा आणि विजार. बटणं काढून टाकलेली. मी तिथेच थबकले.

"आत आहे गं," काकू म्हणाल्या. "वरून कुणाला दिसतंय? लोकांसाठीच गेला तो. लोकांच्याच कामी येऊ दे."

मी मनातल्या मनात भिंतीवरचा कागद वाचला. मध्ये कुठलंही उबदार कापड चालेल. झालं तर मग! चट्ट्यापट्ट्यांची बंदी वरच्या कापडाला असणार, असं मीच ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मी काहीही ठरवलं असतं. त्या बाईच्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. त्यांनी माझ्यासमोर शेवटची बाजू शिवली, गाठी मारल्या, मी गोधडी काखेत मारली आणि खोलीत जाऊन तिच्यावर पास केल्याची खूण केली. दुसऱ्या दिवशी ती इतर गोधड्यांबरोबर यंत्रात दाबून गासडीत गेली.

ट्रक यायचा तो दिवस उजाडला. चार वाजता येणार होता. अकरा गासड्या भिंतीशी रचलेल्या, प्रत्येकीत पंधरा गोधड्या, दाभणाने सुतळी ओवून शिवलेल्या. सकाळी दहाच्या सुमारास मंडळीतली एक नवीन सून नियमांचा कागद वाचत उभी राहिली आणि तिने जाऊबाईंना विचारलं, "हे लष्करी कापड का नको? चांगलं टिकाऊ असतं की."

"टिकाऊ असतं म्हणूनच," जाऊबाई म्हणाल्या. "तिकडे लढाई चालू असते. गारठलेला माणूस गोधडी अंगाभोवती गुंडाळून लाकडं आणायला जातो. हा शिपाई की साधा माणूस, हे लांबून कळत नाही. आणि लांबून बघणाऱ्याच्या हातात बंदूक असते."

मी म्हटलं, "पण आतल्या थरात असेल तर?"

"आधी काय फाटतं? वरचंच ना? तीन वर्षांनी आतलं बाहेर येतं." मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. बावीस वर्षं कामगारांचे चेहरे वाचलेली बाई. "कुठल्या गोधडीत आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता भांडी आपटतात तशी काहीतरी आदळआपट होईल. झाली नाही. त्यांनी फक्त कपाळावर हात मारला आणि विचारलं, "गासडी कितवी?"

इथेच तर घोडं अडलं होतं. मी गासडीवर काही लिहिलंच नव्हतं. बरं, गोधडी ओळखावी तर एका दुकानदाराने निळ्या चौकडीच्या कापडाचे ताग्यावर तागे दान केलेले, म्हणून निम्म्या गोधड्या एकसारख्या. जाऊबाईंनी कात्री घेतली आणि पहिल्या गासडीची सुतळी कापली. मला त्यांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त. वर्षभराचं काम, तीन दिवस दाबून-शिवून तयार केलेल्या गासड्या, आणि आता त्या चार वाजायच्या आत उघडून पुन्हा बांधायच्या! नवीन सून आ वासून बघत होती. तिलाही दाभण दिलं.

तीन गासड्या उघडल्या. चाचपून काही कळेना, कारण बटणं नव्हती, आणि दाबून सगळंच फळीसारखं झालेलं. शेवटी मीच म्हटलं, "काकूंना बोलवायला हवं. त्यांची शिवण त्याच ओळखतील."

"नको," जाऊबाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला नवल वाटलं. "त्यांना कळायलाच नको होतं. आपणच काढून घेतलं असतं आणि ठेवलं असतं."

"आणि ट्रक?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी जाऊन काकूंना घेऊन आले. वाटेत सगळं सांगितलं. काकू ओठ घट्ट मिटून चालत होत्या.

खोलीत आल्यावर त्यांनी गोधड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही एकेक घडी पुढे करायचो, त्या हात खाली घालून गाठी चाचपायच्या आणि मान हलवायच्या. त्या तिहेरी गाठ मारतात, बाकी सगळ्या दुहेरी. चौथी गासडी, पाचवी, सहावी. सातव्या गासडीत तळाला त्यांचा हात थांबला.

"ही," त्या म्हणाल्या. मग जाऊबाईंना म्हणाल्या, "पुरात माणसं वाचवताना गेला तो. त्याचे कपडे तुम्हाला चालत नाहीत?"

जाऊबाईंचा चेहरा पडला. पण हटली नाही ती बाई. "नाही चालत, काकू. ते घालून कुणाचा तरी मुलगा बाहेर पडेल, आणि कुणीतरी त्याला गोळी घालेल."

काकूंनी कात्री मागितली. एकेक गाठ स्वतः कापली, कड उसवली आणि वरचं कापड बाजूला केलं. सदरा हात पसरून पडला होता. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला, विजारही घेतली.

"मग याचं मी काय करू?"

"घरी न्या. कपाटात ठेवा," जाऊबाई म्हणाल्या.

"कपाटात राहत नाही तो. दर शनिवारी काढते, धुते, इस्त्री करते. दोन वर्षं झाली. रंग जायला लागलाय. गोधडीत शिवून लांब पाठवला की हात जाणार नाही असं वाटलं."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी समजत होते की काकूंनी मन मोठं करून दान दिलं, आणि मीही मन मोठं करून पास केलं. त्यांना काय हवं होतं हे मी विचारलंच नव्हतं. जाऊबाईंनी हात पुढे केला.

"द्या इकडे. माझ्याकडे राहील. बघायला कधीही या. पण धुवायला मिळणार नाही."

काकूंनी दिला. कसा दिला ते मी सांगू शकत नाही, मी तिकडे बघत नव्हते.

पुढचे तास नुसती धावपळ. गोधडीत दुसरं ब्लँकेट घालून काकूंनी ती पुन्हा शिवली, आणि मानाल का, आमच्या टेपबाईंनी ती पुन्हा मोजली! एका बाजूने दोन बोटं कमी भरली. त्यांनी लाल खडू उचलला. मला वाटलं, आता मीच यांचा गळा धरते. "काकू, कड पुन्हा घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. काकू उसळल्या, "तुझ्या त्या टेपेला काडी लावते मी एक दिवस!" आणि कड पुन्हा घेतली. दोन वर्षांत त्यांना कुणावर ओरडताना मी पाहिलं नव्हतं. ट्रकवाला पाऊण तास हॉर्न वाजवत उभा राहिला, पण अकराच्या अकरा गासड्या घेऊन गेला.

शनिवारी सकाळी आठ वाजता काकू आमच्या दारात. "फक्त बघते," म्हणाल्या. जाऊबाईंनी कपाट उघडून गणवेश त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसल्या.

"चुरगळलाय," काकू म्हणाल्या. "नुसती इस्त्री फिरवते."

"नाही."

"कॉलर तरी धुते. कॉलरच गं."

"नाही, काकू."

काकू उठायला गेल्या. जाऊबाईंनी त्यांचे दोन्ही हात मनगटाशी धरले. काकूंनी हिसका दिला, शिव्या दिल्या, आणि मग इतक्या मोठ्याने रडू लागल्या की माझे दीर आतल्या खोलीतून धावत आले. जाऊबाई हलल्या नाहीत. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण काकूंचे हात त्यांनी सोडलेच नाहीत.