सासूबाईंचं पितळ

"हात नका लावू बरं का, डाग पडंल."

पडेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच. बोलता बोलता त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून घंगाळ पुसतही असत. चहा त्यानंतर.

तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल. दाराशी पितळी घंगाळ, न्हाणीजवळ तांब्याचा बंब, उंच फळीवर हंडे आणि कळश्या, आतल्या खोलीत शिसवी पलंग. पलंगावर शुभ्र चादर, पण झोपत कुणी नसे. काकू खाली सतरंजी टाकून झोपत. सगळं सासूबाईंचं. "माझ्या वस्तू जप," एवढं सांगून त्या गेल्या होत्या. पाणी तापवायला घरात गीझर होता, तरी बंब दर आठवड्याला चिंचेनं घासला जाई.

आम्हा शेजारणींना त्याचं भारी कौतुक. आपल्या पाहुण्यांनाही आम्ही मुद्दाम ते दाखवायला नेत असू. "काकू, लई जपलंत हो!" म्हटलं की त्या हसत आणि मनगट चोळत राहत.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी, त्यांच्याकडून भांडी कोसळल्याचा आवाज आला. मी पिठाच्या हातानं तशीच धावले. घासायला म्हणून हंडे उतरवताना फळीच निखळली होती. भांडी घरभर लोळत होती आणि मधोमध काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची सून माझ्या आधी पोचली होती.

"मोठ्या हंड्याला पोचा आला का बघ गं," काकू म्हणाल्या.

"हंडा गेला चुलीत!" ती शांत पोरगी पहिल्यांदाच ओरडली. "आई, तुम्हाला कुठं लागलंय ते सांगा आधी!"

तिनं त्यांचं डोकं चाचपलं, हातपाय हलवून पाहिले. साधं खरचटलंही नव्हतं. आम्ही दोघी मटकन खाली बसलो. काकू मात्र सुनेकडं बघतच राहिल्या.

"नवी नवरी होते मी," त्या हळूच म्हणाल्या. "आडावरून येताना घागरीसकट पडले. गुडघा फुटला. सासूबाईंनी आधी घागर उचलून बघितली."

"मग?"

"मग काय! घागरीला काही झालं नव्हतं."

आणि त्यांना हसू फुटलं. डोळे पुसत, हसतच म्हणाल्या, "देऊन टाका हे सगळं. मला नाय आता घासवत. व्हय, पलंगबी."

दौलताबादच्या रस्त्यावर एकानं जुन्या थाटाचं हॉटेल काढलं होतं. त्याला असल्याच वस्तू हव्या होत्या. टेम्पो आला त्या दिवशी मी काकूंजवळ जाऊन थांबले. म्हटलं, बाईला भरून येईल. टेम्पो वळणाआड गेला तसा काकूंनी मोठा श्वास सोडला.

"गेलं बाई एकदाचं! चहा टाक गं सूनबाई, आज निवांत बसून पिऊ."

यंदा त्यांच्या लेकाची बदली झाली आणि काकूही त्याच्याबरोबर गेल्या. माझ्या डोळ्यांपुढं मात्र एक दुपार राहिली आहे. विरजण मागायला मी वाटी घेऊन गेले होते. दार सताड उघडं. मोकळ्या खोलीत गार फरशीवर काकू हातपाय पसरून झोपलेल्या, चक्क घोरत होत्या. सुनेनं आतून ओठांवर बोट ठेवलं. मी वाटी तशीच घेऊन चवड्यांवर परत फिरले.