कुलपातलं पाणी

वनमालाकाकूनं मले खोली देताना आडनाव दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा मेश्रामच सांगितलं. बदलून थोडीच सांगणार होती!

रायपूर राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बाहेरगावचे लोक नोकरीसाठी येऊन राहिले होते, अन् तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या घरांवर भाड्याच्या खोल्या चढून राहिल्या होत्या. मी गोंदियाची. एका खासगी दवाखान्यात पेशंटची नावं लिहायच्या खिडकीवर कंत्राटी नोकरी लागली होती. काकू खाली एकटीच राहायची. मूळची आर्वीकडची, नवरा रेल्वेत होता, तो वारलेला.

अन् बाई अशी संशयी, की विचारूच नका. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय दूधवाल्याले जाऊ देत नसे. वीजमीटर पाहायले आलेल्या माणसाचे बूट उतरवून ठेवून घेई. मले ती 'वरची पोट्टी' म्हणे, नावानं कधी हाकच नाही. मागच्या अंगणाजवळ एक खोली होती, तिले कायम कुलूप. किल्ली काकूच्या कमरेले. रोज सकाळी नळ आला की त्या खोलीत पाणी ओतल्याचा आवाज येई, मग कडी, मग कुलूप. खरं सांगू? माह्याही मनात पाल चुकचुके. ही बाई करते तरी काय इतक्या पाण्याचं? एकदा विचारलं, तर म्हणे, "तुले काय करायचं?"

महापालिकेचा मलेरियावाला तुळशीराम दोनदा बॅटरी घेऊन आला. "दीदी, पानी कहाँ-कहाँ भरा है, देखने दो."

"कूलर कधीचाच पुसून ठेवला. जाय," म्हणून काकूनं दार लावलं. त्यानं येऊन गेल्याची तारीख दारावर खडूनं लिहिली, तर तो वळताबरोबर तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकली. म्हणे, चोर अशाच खुणा करून जातात.

त्या पावसाळ्यात खिडकीवर नवीनच तऱ्हा सुरू झाली. माणसं भिंतीले धरून, कमरेत वाकून येत. ताप, अंगावर लाल पुरळ, मनगटं-घोटे सुजलेले. मूठ वळेना म्हणून चांगले मास्तरलोक अंगठा उठवून जात. चिकनगुनिया हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. कोंबडीतून येते म्हणून लोकांनी कोंबडी सोडली. डॉक्टर समजावून थकले: हा विषाणू आहे, दिवसा चावणाऱ्या पट्ट्यापट्ट्याच्या मच्छरातून पसरते, तो मच्छर साचलेल्या स्वच्छ पाण्यात होते, शिवल्यानं काही होत नाही. ताप चार-पाच दिवसांत जाते, सांधे मात्र महिनोन् महिने छळतात.

मग माहा नंबर लागला. दुपारी ताप भरला, अन् संध्याकाळी मी जिना बसत बसत चढली. तांब्या हातात धरवेना. आईची आठवण येऊन मी ढसाढसा रडली.

काकूनं काय करावं? जिन्याचा कठडा फिनाईलनं धुतला, अन् माही बादली अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"दवाखान्यातून आणलं तू हे."

"काकू, मच्छरानं होते."

"मग माह्या घरात मच्छर येतीन कुठून? मी झाडून-पुसून ठेवते. रविवारी खोली खाली कर."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करता काय? आजारी, एकट्या पोरीले कोण खोली देणार? तेही आडनाव विचारल्यावर! अन् गोंदियाले गेली असती तर नोकरी गेली असती. आई फोनवर म्हणतच होती, ये परत, स्थळ पाहून ठेवलं आहे. रायपूर सुटलं की सगळंच सुटलं, हे मले पक्कं माहीत होतं.

रविवारी सकाळी कपडे बांधून बसली होती. बोटं दुखत होती, गाठही धड बसेना. तेवढ्यात खालून आवाज आला, "पायल! अवं पायल!"

नावानं हाक! मी घाबरून खाली उतरली. काकू त्या बंद दारापाशी वाकून उभी, अंगात ताप, बोटं सुजलेली. किल्ली कुलपात होती, पण तिच्यानं फिरत नव्हती.

"नळ येऊन राहिला. उघडून दे. पण आत पाहू नको हं!"

दोन्ही तळव्यांत किल्ली दाबून मी ती कशीबशी फिरवली. दार उघडलं, अन् भस्सकन मच्छर तोंडावर आले. आत ड्रम, पितळी गुंड, हंडे, कळशा, जुना कुकरसुद्धा, सगळं काठोकाठ भरलेलं, वरून सैल फडकी. मी एक फडकं उचललं. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे पोसून राहिल्या तुम्ही? अन् मले घराबाहेर काढून राहिल्या?" मी अशी ओरडली, की शेजारणीनं खिडकी उघडली.

काकूनं वाकून पाहिलं. मग माह्याकडे पाहिलं. "तूच तर नाही टाकल्या?"

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची, कंबर तुमची. मी कुठून टाकू?"

ती हळूच म्हणे, "मी रोज गाळून घालते वं. ताजं पाणी."

"अन् खालचं कधी फेकलं?"

"भरलं भांडं कोणी रिकामं करते का? आर्वीकडे आम्ही दोन कोसांवरून आणत होतो. एकदा माह्या हातून कळशी सांडली, तर मायनं मले मारलं. अन् मग तीच रडत बसली." काकूचे डोळे भरले. "नळाचा काय भरोसा, पायल? आज आहे, उद्या नाही."

मले तिची कीव आली. राग गेला नव्हता, पण कीव आली. म्हटलं, "काकू, चला. लावा कोपर."

हात चालत नव्हते दोघींचेही. मी खांदा लावला, तिनं कंबर लावली, अन् ड्रम आडवा झाला. पाणी अंगणभर पसरलं. काकूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मग हंडे, कळशा, कुकर. नळ येऊन गेला, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामले तिनंच आवाज देऊन बोलावलं. त्यानं दारावर तारीख लिहिली. ती पुसली नाही.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी चढून, धापा टाकत काकू वर आली. माहं गाठोडं तसंच बांधलेलं होतं. त्याच्यावर तिनं किल्ली ठेवली.

"दर रविवारी उघडून पाहात जाय. मी म्हणीन रिकामं केलं, तरी तू पाहाय. माह्यावर विश्वास ठेवू नको."

मी पुढं चार वर्षं तिथंच राहिली. दर रविवारी पाहिलं. दोनदा तिच्या पलंगाखाली भरलेली कळशी सापडली, अन् दोन्ही वेळा काकूच मले म्हणे, "पाह्यलं? सांगितलं होतं ना तुले!"